कार्डावर सगळ्या खुणा होत्या

कार्ड शेडच्या दाराला खिळ्यानं ठोकलेलं.
सातवा दिवस, एकविसावा, आठवा आठवडा, सोळावा,
प्रत्येक चौकोनात निळ्या शाईची बरोबर,
खाली कानडीत सही, बाटलीचा बॅच नंबरसुद्धा.
भरमाण्णा हुंदरे त्यावर बोट टेकवून उभे,
पोलिसानं अडवल्यावर लायसन दाखवावं तसे.

मेल्या किती, मी विचारलं.
"मरूल्यात कुठं ओ डॉक्टरीणबाई? तेच तर."
चार हजारांत दोन. त्यातली एक मुंगसानं नेलेली.
ट्रे तेवढे कमी भरत होते:
सोमवारी एकशे बावीस,
गुरुवारी एकशे चार.

ओळखलं होतं नागव्वानं.
ती खाद्याच्या खोलीत झोपते, पोत्यांना पाठ लावून.
दोन वाजता वीज जाते, पंखे थांबतात,
तेव्हा ऐकू येतं, ती कानडीत म्हणाली,
भरमाण्णांनी मराठीत सांगायच्या आधीच
तिनं गळ्यातून तो आवाज काढून दाखवला:
करवंटी खरवडल्यासारखा,
सगळ्या शेडमध्ये कुठंतरी एखाद्याच गळ्यात.
मग एक अंडं माझ्या तळहातावर ठेवलं.
कवच सुरकुतलेलं,
पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटासारखं.

आम्ही म्हणतो मानमोडी. नागव्वा म्हणते कोक्करे रोग.
पुस्तकात राणीखेत, एका डोंगरातल्या गावाचं नाव,
गावानं काही केलेलं नसताना चिकटलेलं.
इथं तर एकीचीही मान वाकडी नव्हती.
तिन्ही नावं बाहेर उभी राहिली,
आत त्यांना काही कामच नव्हतं.

वीस कोंबड्या धरल्या. घशात एक बोळा, मागे एक,
पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त.
बर्फाचा डबा स्कूटरवर पायांत धरून
कडोलीहून बेळगाव, भाताच्या शेतांतून, हळू,
खड्डा आला की डब्याला सांभाळ म्हणत.

प्रयोगशाळेत तांबड्या पेशी खळग्यांच्या तळाशी बसतात.
जिथं बळ आहे तिथं गोल टिकली,
जिथं संपलं तिथं पसरट धुकं.
नुसत्या लशीच्या टिकल्या एका रांगेत थांबल्या असत्या,
एकाच वर्गातल्या मुलांसारख्या.
या कुठंही थांबत होत्या: तिसऱ्या खळग्यात, अकराव्यात, पाचव्यात, परत अकराव्यात.
कुणीतरी आत येऊन गेलं होतं.

लस खोटी नव्हती.
तिनं मरण अडवलं,
आणि अडवता अडवता
येणाऱ्याच्या पावलांचा आवाजही पुसून टाकला.

पाच आठवड्यांनी विषाणूच्या अक्षरांची ओळ आली.
लशीतला नव्हे. बाहेरचा, जहाल घराण्यातला.
आणि खाली, बारीक टायपात:
उचगावच्या नमुन्याशी फरक एका अक्षराचा.

उचगावचा नमुना माझाच.
कडोलीच्या सोळा दिवस आधीचा.
तिथंही मेलं कुणी नव्हतं, म्हणून
कॅल्शियम कमी, असं लिहून मी उठले होते;
एक कुपी फ्रीझरमध्ये मागं राहिली, आळसानं.
ती तपासली गेली, हेही आळसाचंच पुण्य.

अहवालात रकाना असतो: प्रसाराचा संभाव्य मार्ग.
मी लिहिलं, व्यापाऱ्याचे ट्रे, न धुता फिरणारे.
खाद्याची गाडी. चिमण्या.
चहा घेतला. खिडकीतून कॅम्पातली झाडं पाहिली.
मग चौथं लिहिलं: नमुने घेणारी व्यक्ती.
साहेबांनी पेन्सिलीनं त्याभोवती वर्तुळ केलं,
खोडलं नाही, ठेवू म्हणालेही नाहीत.

काल नागव्वाचा फोन.
ट्रे एकशे तेरा. पंखे थांबले तरी
आता काही ऐकू येत नाही म्हणाली, खुशीत.
मला आलेल्या कानडीत मी म्हटलं, ऐकत राहा.
शनिवारी येते.
माझ्या मापाचे गमबूट
तिथंच, दाराच्या आत, ठेवायला सांगितलेत.